स्वामी कुवलयानंद: तुमच्या योगवर्गाचा आराखडा आखणारा माणूस

तुमच्या मोबाइलवर असं एखादं वेळापत्रक नक्की आलं असेल. सोमवारी पाठ आणि कंबर, मंगळवारी पोट आणि पचन, बुधवारी थायरॉइड, गुरुवारी रक्तदाब, शुक्रवारी ताणमुक्ती. वेळ सकाळी सहाची, येताना मॅट आणि पाण्याची बाटली आणावी. अशा वर्गांना जाणारे रुग्ण मला रोज भेटतात. शिकवणारेही भेटतात. त्यांच्यापैकी एका योगशिक्षिकाताईंनी एकदा तपासणी झाल्यावर आपली अडचण सांगितली. वर्गाचा विषय ठरवायला त्यांना पाच मिनिटं पुरतात. आसनं कोणती, आधी काय, नंतर काय, हे ठरवायला तासभर लागतो. आणि समोरच्या पंचवीस जणांपैकी कोणाला त्यातलं काय चालणार नाही, हे मात्र वर्ग संपेपर्यंत कळत नाही.

ही अडचण नवी नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात एक माणूस तिच्याशीच झुंजत होता. आज आपण ज्याला योगवर्ग म्हणतो, म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, मोजून घेतलेले सेकंद आणि शेवटी शवासन, त्याची घडी बसवणाऱ्यांत त्याचं नाव फार वरचं आहे. ते नाव स्वामी कुवलयानंद.

आखाड्यातला विद्यार्थी

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार होता. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ज्यांच्या घरात जुन्या पिढीतलं कोणी शिक्षक होतं, त्यांना या शिष्यवृत्तीचा मान वेगळा सांगायला नको.

पण तुम्ही त्यांना केवळ पुस्तकातला किडा समजू नका. बडोद्यात शिकताना १९०७ ते १९१० या काळात ते जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे तालीम घेत होते. लाठी, कुस्ती, मल्लखांब अशा देशी व्यायामाची ती नावाजलेली जागा. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. त्यांचं आणखी एक मोठं काम म्हणजे संघव्यायाम. शेकडो मुलं एका मैदानात उभी करायची, देशी भाषेत हुकूम द्यायचे आणि सगळ्यांनी एकाच ठेक्यात हालचाल करायची. इंग्रजी कवायतीला दिलेलं ते देशी उत्तर होतं. गुणे यांच्या पुढच्या सगळ्या कामात ही तालीम डोकावते, म्हणून ती लक्षात ठेवा.

१९१० मध्ये पदवी घेतल्यावर ते खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेले. टिळकांच्या चळवळीचा काळ होता. बडोद्यात प्राध्यापक असलेल्या अरविंद घोषांचाही तरुणांवर प्रभाव होता. गुणे यांनी अविवाहित राहून देशकार्य करायचं ठरवलं. १९१६ मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे सरकारच्या अवकृपेमुळे १९२० मध्ये ती संस्था बंद पडली. माझ्या मते त्यांच्यातला शिक्षक या दहा वर्षांत घडला. वर्गात चाळीस मुलं असली तर चाळीस वेगवेगळी डोकी असतात, हे शाळेत शिकवल्याशिवाय कळत नाही. आम्हा डॉक्टरांना ते बाह्यरुग्ण विभागात कळतं, तेही उशिरा.

मालसरचे गुरू आणि एक अवघड प्रश्न

नर्मदाकाठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध बंगाली योगी राहत. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. गुणे १९१९ मध्ये त्यांच्याकडे गेले. ते मूळचे तर्कवादी. योगाभोवती जमलेल्या चमत्कारांच्या गोष्टींचं त्यांना कौतुक नव्हतं. पण शरीरावर होणारे परिणाम त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले आणि स्वतः अनुभवले. १९२१ मध्ये माधवदास गेले.

अशा जागी बहुतेक शिष्य एक तर सगळं मान्य करतात, नाही तर सगळं सोडून देतात. गुणे यांनी तिसरी वाट धरली. जे दिसतं ते होतं कसं, हे त्यांना मोजायचं होतं.

पहिला प्रश्न नौलीचा होता. नौली म्हणजे पूर्ण श्वास सोडून पोट आत खेचायचं आणि पोटाचे मधले स्नायू दोरीसारखे पुढे काढून फिरवायचे. ही क्रिया करताना योगी गुदद्वारातून पाणी आत ओढून घेत. तीच बस्ती. पंप नाही, एनिमाचं भांडं नाही, मग पाणी वर चढतं कसं? जुनं उत्तर होतं अपान वायूचं. गुणे यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान आणि नौली करताना क्ष-किरण चित्रं काढून घेतली. त्या काळी क्ष-किरणाचं यंत्र आजच्यासारखं गल्लोगल्ली नव्हतं. पुढे लोणावळ्यात त्यांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी निघाला. म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते आणि पाणी आपोआप ओढलं जातं. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

हे कसं होतं ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगतो. पूर्ण श्वास सोडा, घसा बंद ठेवा आणि श्वास घेतल्यासारखी छाती फुगवा. हवा आत येऊ शकत नाही, म्हणून छातीतला दाब उतरतो, श्वासपटल वर खेचलं जातं आणि पोटातला दाबही कमी होतो. (वाचता वाचता करून बघू नका. गरोदरपणात, हर्निया, अल्सर किंवा रक्तदाब असेल तर तर नाहीच.)

या प्रयोगातून नौलीने अमुक रोग बरा होतो असं सिद्ध झालं नाही, आणि इथे ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सिद्ध इतकंच झालं की एका योगक्रियेचा शरीरातला परिणाम यंत्राने मोजता येतो. मोजता येतो म्हणजे मात्रा ठरवता येते. आणि मात्रा ठरवता आली तरच वर्गाचा आराखडा करता येतो.

लोणावळा: क्रम आणि मात्रा

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जात होते. नियतकालिकात प्रयोगशाळेतली निरीक्षणं असत आणि सामान्य वाचकासाठी आसनांची सचित्र माहितीही असे. त्यांची ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तकं १९३१ च्या सुमारास आली. आजही योगशिक्षकांच्या कपाटात ती सापडतात.

‘आसन’ हे पुस्तक डॉक्टरच्या नजरेने वाचलं की एक गोष्ट ठळक दिसते. त्यात आसनांच्या वर्णनाइतकंच महत्त्व अभ्यासक्रमाला आहे. पूर्ण वेळ देणाऱ्यासाठी एक क्रम, थोडा वेळ असणाऱ्यासाठी दुसरा, आणि ज्याचं शरीर ताठर किंवा अशक्त आहे त्याच्यासाठी आणखी सोपा. कुठलं आसन काही सेकंदांपासून सुरू करायचं, दर आठवड्याला मिनिटाच्या कितव्या हिश्शाने वाढवायचं, कमाल मर्यादा कुठे, हे ठरवून दिलेलं. आम्ही औषध लिहितो तेव्हा गोळीचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, असं सगळं लिहितो. त्यांनी आसनं तशी लिहिली. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं शीर्षासन लावणारा गुरू आणि ही रीत, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

क्रमामागेही कारण होतं. कण्याला निरोगी राहायचं तर तो मागे वाकला पाहिजे, पुढे वाकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना पिळला गेला पाहिजे. म्हणून मागे वाकण्यासाठी भुजंगासन आणि धनुरासन, पुढे वाकण्यासाठी हलासन आणि पश्चिमोत्तानासन, पिळण्यासाठी अर्धमत्स्येंद्रासन. सर्वांगासनात मान पुढे दुमडते म्हणून त्याच्या जोडीला मत्स्यासन, त्यात ती मागे जाते. शेवटी शवासन. तुमच्या वर्गात हाच साचा दिसत असेल, तर तो कुठून आला हे आता लक्षात आलं असेल.

घाई, हिसके आणि दमछाक यांना या अभ्यासात जागा नव्हती. जोर-बैठका किंवा इतर जोरकस व्यायाम करायचाच असेल, तर त्यात आणि आसनांत सुमारे २० मिनिटांचं अंतर ठेवावं, असा त्यांचा सल्ला होता. शेवटी अंगात जोम हवा असेल तर व्यायाम नंतर करायचा आणि मन शांत हवं असेल तर आसनं नंतर. आखाड्यात वाढलेला माणूस होता तो. व्यायामाला नावं ठेवत नव्हता, पण दोन्हींची खिचडीही करत नव्हता.

प्राणायामाबद्दलचं त्यांचं निरीक्षण तर आजही अनेक वर्गांत पोहोचलेलं नाही. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. त्यांनी प्रयोग करून पाहिले आणि प्राणायामाचं खरं मोल ऑक्सिजनच्या जादा साठ्यात नाही, असा निष्कर्ष मांडला. शरीरशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. तुमची फुफ्फुसं निरोगी असतील तर साधा श्वास घेतानाही रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. त्यात आणखी किती मावणार? उलट जोरजोरात श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. करोनाच्या दिवसांत ऑक्सिजन वाढवणाऱ्या प्राणायामाचे वर्ग निघाले तेव्हा मला ‘प्राणायाम’ या जुन्या पुस्तकाची फार आठवण झाली. संथ श्वासाने मन निवतं, नाडी मंदावते, हा फायदा खरा आहे आणि पुरेसाही आहे.

गांधीजींचा रक्तदाब

१९२७ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दक्षिण भागातल्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर जाऊन राहिले. त्या वर्षी त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला आणि आसनांबद्दल मार्गदर्शन घेतलं.

तुम्ही क्षणभर कुवलयानंदांच्या जागी उभे राहा. रुग्ण देशातला सर्वांत मोठा माणूस. वय ५७. रक्तदाब वाढलेला. त्या काळात रक्तदाबावर आजच्यासारखी औषधं नव्हती. विश्रांती, आहार आणि शांतता एवढंच हातात होतं. आणि शिक्षक शेकडो मैलांवर, हातात फक्त पत्र. आसन करताना चेहरा लाल होतो का, श्वास अडतो का, काहीच दिसत नाही. आज ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवून बसणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या शिक्षकाची हीच गत असते.

रक्तदाबाचा प्रश्न कैवल्यधामच्या प्रयोगशाळेतही होता. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन करताना रक्तदाबाचं काय होतं, याची निरीक्षणं ‘योगमीमांसे’त छापली गेली. कान वाहणारे, डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असलेले आणि हृदय अशक्त असलेले, यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, असा इशाराही ‘आसन’मध्ये होता. पुढच्या काळातल्या मोजमापांत दिसलं, की शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. म्हणजे काचबिंदू असलेल्या माणसाने उलटं होणं ही चैन नाही, धोका आहे. तुमच्या घरात कोणाला काचबिंदू असेल तर हे वाक्य त्यांना आजच वाचून दाखवा.

चाळीस मुलं, एक शिक्षक

इथपर्यंत योग एकेका माणसाचा होता. पण अमळनेरच्या प्राचार्याला शाळा विसरता येत नव्हती. १९३० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या शाळांत त्यांचा योगाभ्यासक्रम गेला. मुंबई प्रांतातल्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही ते होते. १९३६ मध्ये त्यांचं ‘यौगिक संघव्यायाम’ हे पुस्तक आलं. नावावरूनच तुमच्या लक्षात येईल, की माणिकरावांचा संघव्यायाम आता योगाला येऊन मिळाला होता. हुकूम, आकडे, ठेका आणि सगळ्या वर्गाने एकदम करायचा अभ्यास.

यावर टीका करता येते, आणि मला ती थोडी पटतेही. अंतर्मुख होऊन करायची गोष्ट शिटी आणि हुकुमावर कशी होईल? काहींची पाठ लवचीक असते, काहींची ताठ. आकडे मोजणाऱ्याला सगळे एकाच वेळी वाकलेले हवे असतात. शेवटच्या रांगेतला जाडसर मुलगा लाजेखातर जास्त वाकतो आणि पाठ धरून घरी जातो.

पण पर्याय काय होता तेही बघा. एक गुरू, एक शिष्य, एक गुहा. अशाने योग देशातल्या शाळांत कधीच पोहोचला नसता. कुवलयानंदांनी यातून काढलेली वाट डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी मुलांसाठी संघव्यायाम, तो सोपा आणि सर्वांना झेपेल असा. आजारी माणसासाठी मात्र संघ नाही. त्याची आधी तपासणी, मग त्याच्यापुरता क्रम. लोणावळ्यात आणि मुंबईत या दोन वाटा शेजारी शेजारी चालल्या.

मुंबईत त्यांचं काम १९३२ मध्ये सांताक्रूझला सुरू झालं आणि १९३६ मध्ये ते मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्राच्या रूपाने स्थिरावलं. समुद्रासमोरच्या त्या केंद्रात गेलेल्या मुंबईकरांच्या तीन पिढ्या तरी सहज सापडतील. नोकरदार, बैठं काम करणारे, बद्धकोष्ठ आणि पाठदुखीने त्रासलेले लोक तिथे येत. म्हणजे आपलेच आजोबा-पणजोबा.

बुधवारचा थायरॉइड

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

कुवलयानंदांनी सर्वांगासनाचा संबंध थायरॉइड ग्रंथीशी जोडला. हनुवटी छातीला टेकते, गळ्याकडे रक्त जास्त जातं, ग्रंथीचं आरोग्य सुधारतं, अशी ती मांडणी. १९२०-३० च्या काळात अंतःस्रावी ग्रंथींचं शास्त्र नवं होतं आणि जगभर त्याबद्दल मोठी उत्सुकता होती. रक्तातले थायरॉइड संप्रेरक मोजण्याच्या आजच्या चाचण्या तेव्हा नव्हत्या. म्हणजे आतड्यातला दाब त्यांनी मोजला, रक्तदाब मोजला, पण इथे मोजमाप नव्हतं, अंदाज होता. त्यांच्या काळात तो अंदाज गैर नव्हता. पण पुढच्यांनी तो तपासला नाही, पाठ केला.

थायरॉइडला रक्ताची कमतरता कधीच नसते. शरीरात सर्वाधिक रक्तपुरवठा असलेल्या अवयवांत तिची गणना होते. ग्रंथी मंदावते ती बहुतेक वेळा आपल्याच प्रतिकारशक्तीने तिच्यावर हल्ला केल्यामुळे किंवा आयोडिनच्या कमतरतेमुळे. खांद्यावर उभं राहून यातलं काहीही बदलत नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतो? काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक काकू मान आखडली म्हणून माझ्याकडे आल्या. पाय सुजलेले, आवाज घोगरा, बोलणं मंद. थायरॉइडची गोळी चालू आहे ना, विचारलं तर त्या गप्प. लेकीने सांगितलं, चार महिन्यांपासून बंद आहे. कुठल्याशा वर्गात थायरॉइडसाठी रोज सर्वांगासन चालू होतं, आणि आसन चालू असताना गोळी कशाला, असा समज काकूंनी स्वतःच करून घेतला होता. वर्गातल्या कोणी गोळी बंद करा असं सांगितलं नव्हतं. पण वर्गाच्या नावात थायरॉइड होतं, तेवढं पुरेसं झालं. गोळी पुन्हा सुरू केली, मानेचे व्यायाम दिले, दोन-तीन महिन्यांत काकू सावरल्या. पण आणखी चार महिने गेले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

तुमची गोळी चालू असेल तर कुठल्याही आसनासाठी ती बंद करू नका. मात्रा कमी करायची का, हे रक्ततपासणी पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर कामाचा पसारा वाढला. १९५० च्या सुमारास लोणावळ्याला योग महाविद्यालय निघालं. योगशिक्षकाला रीतसर शिक्षण हवं, नुसता स्वतःचा सराव पुरणार नाही, ही त्यामागची धारणा. पुढे योगोपचारासाठी रुग्णालयही उभं राहिलं. दुसरीकडे जुन्या ग्रंथांचं काम चालू होतं. ‘गोरक्षशतका’ची संपादित आवृत्ती १९५८ मध्ये आली. परदेशी संशोधकही येत राहिले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून आलेले के. टी. बेहनन तर १९३० च्या दशकातच लोणावळ्याला राहून शिकून गेले होते.

१९६३ मध्ये कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचं ‘योगिक थेरपी’ हे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलं. ज्या माणसाने नौलीचं क्ष-किरण चित्र काढण्यासाठी कधी रुग्णालयाचं दार ठोठावलं होतं, त्याचं काम चाळीस वर्षांनी आरोग्य खात्याच्या शिक्क्याने आलं. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. वय ८२.

तुम्ही उद्या एखाद्या नव्या वर्गाला जाणार असाल तर पहिल्या दिवशी शिक्षकांना न विचारता या गोष्टी सांगा: रक्तदाब किती आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे का, मानेचा किंवा कमरेचा मणका दुखतो का, हर्निया किंवा अलीकडची शस्त्रक्रिया, पाळी किंवा गरोदरपण. चारचौघांत सांगायला संकोच वाटला तर चिठ्ठी द्या. हे ऐकून घ्यायला शिक्षकांकडे वेळ नसेल, तर त्या वर्गात तुम्ही फक्त शवासन केलेलं बरं.

सुरुवातीला सांगितलं त्या योगशिक्षिकाताईंना मी ‘आसन’ची माझी जुनी प्रत वाचायला दिली होती. महिन्याभराने त्या परत करायला आल्या. त्यांनी आता दोनशे पानी वही केली आहे, दर माणसाला एक पान, आणि नवा माणूस आला की आधी ते पान भरतं. गुरुवारच्या वर्गात उलटं होणारी सगळी आसनं त्यांनी काढून टाकली आहेत आणि संथ श्वास व शवासनाला अर्धा वेळ दिला आहे. बुधवारच्या वर्गाचं नावही बदललं. आता तिथे ‘मान आणि खांदे’ असं लिहिलेलं असतं.